ओळख आपली, आपल्याच तोंडून

कोणी भाकरी थापत असेल, कोणी जनावरांना चारा टाकत असेल, कोणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून बसल्या असतील. सगळ्यांना माझा नमस्कार.

आज मी एका छोट्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. बँकेत, पंचायत समितीत, तलाठ्याकडे, प्रदर्शनात गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण काय बोलतो, त्याबद्दल. म्हणजे आपली ओळख आपण कशी करून देतो, त्याबद्दल.

सुरुवात आपल्या गावापासूनच करते. सेवाग्राम हे नाव आज जगाला माहीत आहे. पण 30 एप्रिल 1936 ला गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. आता दुसरं शेगाव तुम्हाला माहीतच आहे, गजानन महाराजांचं, बुलडाणा जिल्ह्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं. मग व्हायचं काय, की इकडची पत्रं तिकडे जायची. शेवटी 1940 मध्ये आपल्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. गाव तेच, माणसं तीच. पण नाव नीट सांगितल्याशिवाय टपालसुद्धा योग्य दारात येत नाही.

आपलंही असंच होतं. आपलं टपाल भलत्याच दारात जातं. कसं, ते माझ्यावरूनच सांगते.

वीसेक वर्षं झाली असतील. मी आमच्या बचत गटाची सचिव होते. गटाच्या कर्जाचा अर्ज घेऊन मी आणि अध्यक्षबाई एका बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?" मी पदर सावरला आणि म्हटलं, "मी अमुकरावांची सून." अध्यक्षबाईंनी त्यांच्या घरच्यांचं नाव सांगितलं. साहेब चांगल्या स्वभावाचे होते. हसून म्हणाले, "बरं, मग त्यांनाच पाठवून द्या, मी समजावून सांगतो." आम्ही मान डोलावली आणि घरी आलो.

दुसऱ्या आठवड्यात माझे मालक गेले. साहेबांनी विचारलं, गटात किती जणी? बैठका किती झाल्या? आपसातलं कर्ज किती वाटलं, किती परत आलं? त्यांना यातलं काय ठाऊक असणार? वह्या मी लिहायची! ते परत आले. पुन्हा मी गेले तर साहेब रजेवर. तोवर मृग लागला. कर्ज मिळालं, पण पेरणी होऊन गेल्यावर. गटातल्या अर्ध्या बायांनी बियाणं उधारीवर उचललं आणि वर्षभर त्याचा भुर्दंड भरला.

बरेच दिवस मी त्या साहेबांनाच बोल लावला. मग हळूहळू ध्यानात आलं. मी त्यांना सांगितलं काय होतं? मी अमुकरावांची सून आहे, एवढंच. त्यांनी अमुकरावांच्या घरच्यांना बोलावलं. मी गटाची सचिव आहे, हिशोब माझ्याकडे आहे, हे माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. आपण ओळख ज्याची सांगतो, काम त्याच्या हातात जातं. आजच्या बोलण्यातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

आता हे होतं का? आपण काही मुक्या नाही. हळदीकुंकवात, लग्नात "नाव घ्या, नाव घ्या" झालं की आपण कसा फटकन उखाणा घेतो! पण त्या उखाण्यात नाव असतं मालकांचं. आपल्या स्वतःच्या नावाला सवयच नाही चारचौघांत यायची. माहेरी आपण कोणाची तरी पोरगी, सासरी अमुकच्या घरची, मग तमुकची आई. काही घरांत तर लग्नात नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. म्हणून पहिलं काम हे, की आपले कागद एकदा समोर ठेवा आणि नावं जुळतात का बघा. जुळत नसतील तर दुरुस्तीला द्या. आणि कार्यालयात गेल्यावर कागदावर आहे तेच पूर्ण नाव सांगा.

यात आपल्या माणसांचा अपमान काही नाही. मालकांचं नाव, सासऱ्यांचं नाव आपल्या नावाच्या मागे असतंच, असू द्या. पण आधी आपलं. आता तर सरकारनेही ठरवलंय, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात लेकराच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव येईल. आपल्या नातवंडांच्या कागदावर आपल्या सुनेचं नाव येणार आहे. मग ते आपल्या तोंडात का येऊ नये?

नावानंतर येतं काम. इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. कोणी विचारतं, "ताई, काय करता?" आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." आता बघा बाई, पहाटे उठून शेण काढलं, दूध काढलं, डबे केले. मग वावरात जाऊन निंदण केलं, कापूस वेचला. संध्याकाळी गटाची वसुली केली. आणि म्हणे काही नाही!

इथे मला बापूंचीच एक गोष्ट आठवते. मार्च 1922 मध्ये अहमदाबादला त्यांना अटक झाली आणि राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर रीतीप्रमाणे व्यवसाय विचारला गेला. विलायतेत बॅरिस्टर झालेला माणूस. मोठं काही सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं, शेतकरी आणि विणकर. हातांनी जे काम करत होते, तेच सांगितलं. आणि आपण आयुष्यभर शेतात राबून शेतकरी म्हणायला लाजतो. कारण काय, तर सातबारा मालकांच्या नावावर. अहो, सातबारा मालकी सांगतो. राबणं कोणाचं, ते आपण सांगायचं.

जनगणनेच्या वेळी घरी येणाऱ्या माणसालाही हेच सांगायचं असतं. आपल्या घरच्या शेतात, घरच्या धंद्यात मजुरी न घेता केलेलं कामही जनगणनेत कामच धरलं जातं. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त असं काम केलं तर ती बाई मुख्य काम करणाऱ्यांत मोजली जाते. पण दारात उभ्या माणसाला आपण किंवा घरातल्या कोणी "ती घरीच असते" म्हटलं, की त्याने काय लिहायचं? आपले कष्ट आपणच वजा करतो.

आपल्या भागात आणखी एक दुखणं आहे. ज्या घरातला कर्ता गेला, त्यातही ज्याने स्वतःच जीव दिला, त्या घरातल्या बाईची ओळख पुढची कितीतरी वर्षं त्या मरणावरूनच करून देतात. कार्यक्रमात स्टेजवर बोलावतात तेही तसंच. ती मात्र त्यानंतर दहा-दहा वर्षं शेती करत असते, पोरांना शिकवत असते, कर्ज फेडत असते. तिने तलाठ्याकडे गेल्यावर मान खाली घालून उभं राहायचं काही कारण नाही. "मी अमुक, शेती मी करते. वारस नोंदीचा अर्ज केला होता, तो कुठवर आला ते बघायला आले." झालं. दुःख आपलं आपल्याजवळ. ते सांगायचं की नाही, कोणाला सांगायचं, हे तिने ठरवावं. आपल्या गटात अशी मैत्रीण असेल तर तिची ओळख करून देताना आपणही हे भान ठेवू.

"पण ताई, मी अडाणी, मी काय सांगू?" असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी सातारा जिल्ह्यातली गोष्ट. माण तालुका, कायम दुष्काळी. म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी बायांसाठी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. अर्जावर अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना बँकेचा परवाना कसा द्यायचा? चेतनाताई खचल्या, पण बाया म्हणाल्या, शिकू की! दिवसभर काम करून रात्री अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं कारण आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती. पण आम्हाला मोजता येतं. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही सांगा, यंत्र न घेता करा म्हणावं. परवाना मिळाला. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बघा, बाया त्याच होत्या. पहिल्या अर्जात त्यांना काय येत नाही तेवढंच दिसलं. दुसऱ्या वेळी काय येतं, ते त्यांनी स्वतः सांगितलं, आणि तेही बँकेला ज्याची गरज असते ते. बँकेत हिशोब लागतो, त्यांनी हिशोब दाखवला. उगाच फुशारकी मारली नाही.

तर आपण ओळख कशी करून द्यायची? चार गोष्टी लक्षात ठेवा. नाव-गाव. काम. आज कशासाठी आले. आणि पुढे काय हवं. बोटांवर मोजा म्हणजे विसरणार नाही. चारही मिळून अर्धं मिनिट लागतं. मात्र दुसऱ्या बोटावरचं काम, ते समोर कोण आहे ते बघून सांगायचं.

बँकेचं उदाहरण घेऊ. गटाला कर्ज देताना बँक पंचसूत्री बघते. ती आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. गट किमान सहा महिने चालू हवा, आणि तो खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही तर वह्यांप्रमाणे मोजतात. मग साहेबांना तेच पहिल्यांदा ऐकवायचं. असं:

"नमस्कार साहेब. मी," इथे आपलं पूर्ण नाव, "अमुक गावच्या महिला बचत गटाची सचिव. आम्ही 12 जणी आहोत. गट 18 महिन्यांपासून चालू आहे. दर महिन्याला प्रत्येकीची 200 रुपये बचत आहे, आजवर 43,200 रुपये जमा झाले. आपसात कर्ज वाटतो, एकही हप्ता थकलेला नाही. पहिल्या कर्जाचा अर्ज आणला आहे, वह्या सोबत आहेत. बघायला आपल्याला कोणता दिवस सोयीचा?"

यात कुठे हात जोडून विनवणी आहे का? नाही. कुठे चढा आवाज आहे का? तोही नाही. आकडे आहेत, आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याला तारखेनेच उत्तर द्यावं लागतं. आणखी एक ध्यानात ठेवा. उमेदच्या गटांना पहिलं कर्ज गटाच्या जमा निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल तेवढं द्यावं, आणि 10 लाखांपर्यंत तारण मागू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. वरच्या हिशोबातली नुसती बचत धरली तरी सहापट म्हणजे 2,59,200 होतात. हे ठाऊक असलं की उभं राहायलाच वेगळा जोर येतो.

ग्रामसभेत वेगळं. तिथे सगळे आपल्याला ओळखतात, म्हणून आपण नाव सांगत नाही. मागून कोणीतरी बोललं, एवढंच होतं. तिथेही उभं राहून पूर्ण नाव सांगा, वॉर्ड सांगा, मग विषय. "माझं म्हणणं माझ्या नावाने प्रोसिडिंगमध्ये लिहा," असं ग्रामसेवकांना म्हणा. आणि ग्रामसभेआधी जी महिला सभा घ्यायची असते, ती सरावासाठी उत्तम जागा आहे. तिथे जीभ मोकळी होते.

प्रदर्शनात आपण स्टॉलवर बसतो आणि "घ्या ताई, घ्या दादा" एवढंच म्हणतो. माल घेणाऱ्याला ऐकायचं असतं, हे केलं कोणी, कुठे. आपल्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आता तिथली बाई म्हणाली, "मी वायगावची. ही हळद आमच्या वावरातली, मीच उकडली, वाळवली, आमच्या गटाने दळली," तर गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन थांबतं. पण जी हळद वायगावची नाही, तिला वायगावची म्हणायचं नाही. ओळख खरीच सांगायची. एकदा खोटी निघाली की गावाचंच नाव जातं.

आणि फोनवर? फोनवर आपण म्हणतो, "हॅलो, ओळखलं का?" अहो, त्या कृषी सहायकाला दिवसात पन्नास फोन येतात, तो कसा ओळखणार! आधी नाव, मग गाव, मग काम. मग विचारा, "आता बोलू का, की नंतर करू?"

आता बोलीबद्दल. पुष्कळ जणी म्हणतात, आम्हाला शुद्ध बोलता येत नाही. आपण "मले", "तुमाले", "काऊन" म्हणतो, म्हणून तोंड उघडत नाही. मैत्रिणींनो, आपली वऱ्हाडी बोली काही चूक नाही. आपल्याच बोलीत बोला, फक्त सावकाश बोला, आणि नाव आणि आकडा स्पष्ट उच्चारा. उमेदच्या वर्धिनी अनोळखी गावात जातात, अनोळखी बायांसमोर उभ्या राहतात. त्या मोठं भाषण कुठे देतात? मी कोण, माझ्याकडे काय नव्हतं, गटात आल्यावर काय झालं, हे आपल्या बोलीत सांगतात. म्हणून समोरच्या बायांना ते पटतं.

मध्येच कोणी विचारेल, "मालक काय करतात?" रागावू नका. एका वाक्यात उत्तर द्या आणि परत आपल्या कामावर या. "ते शेती बघतात. हा अर्ज गटाचा आहे, त्याबद्दल मी सांगते." सोबत घरचे पुरुष आले असतील तर दारातून आत जायच्या आधीच ठरवा, बोलायचं कोणी ते. तुमचे मालक समजूतदार असतील तर तेच म्हणतील, "साहेब, हिशोब हिला विचारा." माझे आता तेच म्हणतात.

खरं तेही सांगितलं पाहिजे. ओळख नीट करून दिली म्हणून प्रत्येक काम होतंच असं नाही. काही ठिकाणी तरीही उद्या या म्हणतील. अशा वेळी आणखी एक गोष्ट करायची. समोरच्याचीही ओळख विचारायची. "आपलं नाव सांगता का? वहीत लिहून ठेवते, उद्या आपल्यालाच भेटेन." नाव, तारीख आणि काय म्हणाले, ते गटाच्या वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी ती वही उघडून विचारलं, की बोलण्यात फरक पडतो. आणि नाहीच पडला, तर पुढच्या साहेबाकडे जाताना आपल्या हातात काहीतरी लेखी असतं.

आता गृहपाठ. येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. एकजण साहेब होऊन बसा, चांगली खुर्चीवर बसा, चष्मा लावा! बाकीच्यांनी एकेक करून आत यायचं आणि चार बोटांची ओळख सांगायची. जिला लिहिता येत नाही तिनेही. पहिल्यांदा हसू येईल, येऊ द्या. दुसऱ्या बैठकीत आवाज फुटेल. तिसऱ्या बैठकीनंतर दर वेळी त्याच दोघी बँकेत जातात ते बंद करा. दर वेळी एक नवीन बाई सोबत न्या, आणि पहिलं वाक्य तिला बोलू द्या.

आमच्या गटात आम्ही हे उखाण्यातच सुरू केलं होतं. हळदीचं पाकीट पहिल्यांदा विकायला निघालो, तेव्हा सगळ्यांत लाजाळू बाईला आम्ही म्हटलं, घे नाव. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली:

हळद दळली, पाकीट भरलं, वर लिहिलं गाव,
इतके दिवस त्यांचं घेतलं, आज घेते माझं नाव.

आणि मग तिने आपलं नाव घेतलं, खणखणीत. तिच्यासोबत सात वर्षं गटात बसणाऱ्या आमच्यातल्या दोघींना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तर येत्या बैठकीत तुम्हीही घ्या. नमस्कार.